किती टिकेल? जपानी दुचाकीच्या टायरची शंभर वर्षं

टायरच्या दुकानात गेलेला मराठी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, तीन प्रश्न विचारतोच. केवढ्याला? किती टिकेल? आणि पावसात घसरणार नाही ना? मी जपानच्या ईशान्येला, सेंदाई शहरात पोस्टडॉक करतो आणि घर ते प्रयोगशाळा हा रस्ता ११० सीसीच्या दुचाकीवरून कापतो. जूनमध्ये इथे ‘त्सुयू’ म्हणजे पावसाळा लागतो, सप्टेंबरात वादळं येतात आणि जानेवारीतल्या काही सकाळी रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. तेव्हा हे तीन प्रश्न माझ्याही रोजच्या जगण्याचे आहेत. त्यांना जपानात शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो वाचल्यावर मला चौथाही प्रश्न विचारावासा वाटू लागला: जो टायर झिजत नाही, त्याच्या वाट्याची झीज कोण सोसतं?

ही गोष्ट सुरू होते पायापासून. जपानच्या दक्षिणेला क्युशू बेटावर कुरुमे नावाचं गाव आहे. तिथल्या इशिबाशी शोजिरो या तरुणानं १९०६ मध्ये घरचा शिवणकामाचा धंदा हाती घेतला आणि लवकरच बाकी सगळं बंद करून फक्त ‘ताबी’ शिवायचं ठरवलं. ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेला जाड कापडी मोजा. त्या काळी शेतातले, बांधकामावरचे आणि खाणीतले कामगार भाताच्या पेंढ्यापासून विणलेल्या ‘वाराजी’ नावाच्या वहाणा घालत. खडबडीत जागी त्या दिवसभरातच फाटत. रोज नवी वहाण म्हणजे मजुराच्या कमाईला रोजचं भोक. १९२३ मध्ये इशिबाशींनी ताबीला रबराचा तळ चिकटवून ‘जिका-ताबी’ बाजारात आणली. क्युशूच्या कोळसा खाणींत आणि पुढे देशभर तिला मागणी आली. जपानमधल्या बांधकामांवर ती आजही दिसते.

रबर, कापड आणि चिकटवण्याची कला एवढं हाताशी आल्यावर इशिबाशी टायरकडे वळले. जपानात टायर नवे नव्हते. डनलॉपनं कोबे शहरात १९०९ मध्येच कारखाना काढला होता. पण इशिबाशींना जपानी तंत्रावर, जपानी भांडवलावर टायर करायचा होता. १९३० मध्ये त्यांचा पहिला टायर तयार झाला आणि १९३१ मध्ये कंपनी उभी राहिली. ‘इशि’ म्हणजे दगड आणि ‘बाशी’ म्हणजे पूल. आडनावाचं इंग्रजी करून शब्दांची अदलाबदल केली आणि नाव ठेवलं ब्रिजस्टोन. टायर सदोष निघाला तर फुकट बदलून देऊ, अशी हमी त्यांनी दिली. सुरुवातीच्या वर्षांत हजारो टायर परत आले, पण हमी मागे घेतली नाही. ‘किती टिकेल?’ या प्रश्नाला त्यांनी धंद्याच्या केंद्रस्थानी आणून ठेवलं.

आपल्याकडे हाच प्रवास उलट दिशेनं झाला. जपानात पायताणातून टायर निघाला, तर महाराष्ट्रात जुन्या टायरमधून पायताण निघालं. ट्रकच्या टायरचा तळ लावलेल्या वहाणा घालून आपल्या किती पिढ्या शेतात राबल्या, हे वेगळं सांगायला नको. दोन्हीकडे मागणी एकच होती: गरिबाला परवडेल आणि लवकर झिजणार नाही असं काहीतरी.

आता थोडं रबराविषयी, म्हणजे पुढचं नीट कळेल. झाडाच्या चिकात गंधक मिसळून तो तापवला की चिवट रबर होतं, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगलं. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला. ते सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात काजळी मिसळायची पद्धत रूढ झाली, टायर काळे झाले आणि त्यांचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. म्हणजे टायरचा काळा रंग ही टिकाऊपणाचीच खूण आहे.

पण टिकाऊपणा आणि पकड यांचं फारसं जमत नाही. रस्ता आपल्याला सपाट दिसला तरी त्यावर बारीक उंचवटे असतात. मऊ रबर त्यांत घुसतं, दाबलं जातं, सुटतं, आणि त्या ओढाताणीतून पकड निर्माण होते. या झटापटीत रबराचे कण सुटत राहतात. रबर कडक केलं तर कण कमी सुटतात, पण उंचवट्यांत घुसणंही कमी होतं. ओल्या रस्त्यावर आणि थंडीत हा फरक लगेच जाणवतो. एकाच मिश्रणातून जास्त किलोमीटर आणि जास्त पकड दोन्ही मिळवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी शंभर वर्षं डोकं खपवलंय. सिलिकासारख्या पदार्थांमुळे बराच पल्ला गाठलाही गेलाय, पण सौदा पूर्णपणे संपलेला नाही.

या सौद्यात स्वस्ताई कुठून आली? माझ्या मते तिचं मोठं श्रेय एका आकड्याला जातं: १७.

१९५६ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ राल्फ वॉटकिन्स यांच्या पथकानं जपानचे रस्ते पाहिले. इतके वाईट रस्ते कुठल्याच औद्योगिक देशात नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. पहिल्या श्रेणीच्या राष्ट्रीय महामार्गांचासुद्धा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग कच्चा होता. त्याच वर्षाच्या शेवटी होंडा सोइचिरो आणि त्यांचे भागीदार फुजिसावा ताकेओ युरोपला गेले. तिथल्या मोपेड आणि स्कूटर पाहून परतल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्या रस्त्यांवर चालेल अशी वेगळी गाडी हवी. एका हातात सोबा नूडल्सची चळत धरून दुसऱ्या हातानं चालवता यावी, म्हणून तिला क्लचची मूठ नको. चाक स्कूटरसारखं लहान नको, कारण ते खड्ड्यात अडकतं. नेहमीच्या मोटारसायकलएवढं मोठंही नको, कारण गाडी उंच होते आणि किमोनो घातलेल्या किंवा बुटक्या माणसाला चढता येत नाही. हे सगळं जुळवता जुळवता चाक १७ इंचांवर येऊन थांबलं.

पंचाईत अशी की या मापाचा टायर जपानात कुणी करतच नव्हतं. मोठ्या टायर कंपन्यांनी नकार दिला. एका मॉडेलसाठी नवे साचे कोण करणार? अखेर एक लहान कंपनी तयार झाली. ऑगस्ट १९५८ मध्ये ५५,००० येन किमतीची सुपर कब बाजारात आली, दोन्ही चाकांना २.२५-१७ मापाचे टायर लावून. २०१७ मध्ये कब मालिकेच्या उत्पादनानं दहा कोटींचा टप्पा ओलांडला. आजही ११० सीसीच्या कबला १७ इंचीच चाकं आहेत.

साठ वर्षं चाकाचा व्यास बदलला नाही, तर काय होतं? साच्यांचा खर्च कधीच वसूल झालेला असतो. अनेक कंपन्या त्याच मापात स्पर्धा करतात. पेपर टाकणारे, खाणावळवाले, बँकेचे वसुली कर्मचारी असे रोज शंभरदा थांबणारे आणि निघणारे लोक त्या टायरची खरी परीक्षा घेत राहतात. जपानी टपाल खात्यासाठी होंडानं १९७१ पासून कबचा खास प्रकार बनवला, तोही अशाच कष्टाच्या कामासाठी. टायरच्या टिकाऊपणाचं ज्ञान शर्यतीच्या मैदानावर जितकं जमलं, तितकंच या पहाटेच्या गल्ल्यांमध्येही जमलं.

भारतातही हे तुम्ही पाहिलंय. होंडाच्या भागीदारीतून आलेल्या आणि १९९४ पासून गावोगाव पोचलेल्या स्प्लेंडरनं १८ इंची चाक धरून ठेवलं. म्हणून तिचा टायर बार्शीतही मिळतो आणि चिपळूणलाही. उलट दिसायला रुबाबदार, पण मापानं जगावेगळी गाडी घेणारा आपला मित्र एका टायरसाठी पुण्या-मुंबईला फोन करत बसतो. परवडणारा टायर हवा असेल तर त्याची निवड गाडी घेतानाच निम्मी झालेली असते.

आता सेंदाईकडे वळू. चौथा प्रश्न मला या शहरानंच शिकवला.

हिवाळ्यात घसरू नये म्हणून जपानात १९६० च्या दशकापासून ‘स्पाइक टायर’ वापरात येऊ लागले. टायरच्या पृष्ठभागावर धातूचे खिळे बसवलेले असत. बर्फावर पकड उत्तम आणि किंमतही आवाक्यात. ‘सगळ्या ऋतूंत चालेल?’ या प्रश्नाचं हे बिनतोड उत्तर वाटलं. पण सेंदाईत बर्फ फार दिवस टिकत नाही. हिवाळ्याचे कित्येक दिवस रस्ता कोरडाच असतो आणि तेव्हा ते खिळे थेट डांबरावर घासत. पाहता पाहता रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या, पांढरे पट्टे पुसले गेले आणि डांबराची पूड हवेत तरंगू लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथले लोक धुळीमुळे वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, तोंडावर मास्क लावायचे आणि वृत्तपत्रांना तक्रारीची पत्रं पाठवायचे. टायर शाबूत होता. रस्ता झिजत होता आणि तो लोकांच्या श्वासात जात होता.

हे बदललं ते लोकांच्या रेट्यामुळे. १९८५ मध्ये मियागी प्रांतानं, म्हणजे सेंदाई ज्यात येतं त्या प्रांतानं, स्पाइक टायरविरोधी नियम केला. नागानो प्रांतात वकिलांनी पुढाकार घेऊन टायर कंपन्यांविरुद्ध प्रदूषण लवादाकडे दाद मागितली आणि १९८८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी उत्पादन व विक्री थांबवायचं मान्य केलं. १९९० मध्ये देशाचा कायदा झाला. त्याच्या नावातच ‘धूळ’ हा शब्द आहे. ठरवून दिलेल्या भागात, बर्फ नसलेल्या पक्क्या रस्त्यावर खिळ्यांचे टायर वापरायला बंदी आली.

बंदीनंतर लोकांनी गाड्या घरी ठेवल्या का? नाही. १९८८ मध्येच ब्रिजस्टोननं ‘ब्लिझॅक’ हा बिनखिळ्यांचा टायर आणला होता. त्याच्या रबरात अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. ते बर्फावरचं पाण्याचं पातळ आवरण शोषून घेतात आणि थंडीतही रबर मऊ ठेवतात. हा टायर खिळ्यांच्या टायरइतका बेफिकीर होऊ देत नाही. तो वेळेवर बदलावा लागतो आणि सावकाश चालवावं लागतं. म्हणजे झीज पुन्हा टायरकडे आणि चालकाच्या खिशाकडे आली.

आपल्या वाहनाची बात सांगायची तर १२५ सीसीपर्यंतच्या दुचाक्या या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. उत्तरेकडे होक्काइदोत हिवाळ्यातही पेपर टाकणाऱ्या काही गाड्यांना खिळ्यांचे टायर दिसतात. तिथे ते समजू शकतं, कारण रस्त्यावर महिनोन् महिने बर्फच असतो आणि दुचाकी घसरली की माणूस पडतोच. पण सेंदाईच्या कोरड्या डांबरावर, कायद्यानं मोकळीक असली तरी, मी ते लावणार नाही. पापुद्रा धरलेल्या सकाळी मी बसनं जातो.

हा इतिहास संपलेला नाही. आपल्या वाचकांपैकी सिएटलच्या आसपास राहणाऱ्यांना कोहो सामन माशांचं प्रकरण आठवत असेल. पावसानंतर ओढ्यांमध्ये हे मासे मरून पडत आणि वर्षानुवर्षं कारण कळत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते शोधून काढलं. टायरला भेगा पडू नयेत, तो टिकावा, म्हणून रबरात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जो पदार्थ तयार होतो, तो या माशांना विषारी ठरतो. तो टायरच्या कणांसोबत पावसाच्या पाण्यातून ओढ्यात उतरतो. चांगला पर्याय अजून शोधला जातोय. ज्या गुणासाठी आपण दुकानदाराला ‘किती टिकेल?’ विचारतो, त्याच गुणाचं हे मोल आहे.

मग रोज पावसापाण्यात दुचाकी चालवणाऱ्यानं काय करावं? मी जे पाळतो ते सांगतो. गाडीच्या पुस्तिकेतलं मापच घ्यायचं. रुंद टायरच्या मोहात पडायचं नाही. ‘सगळ्यात जास्त किलोमीटर’ अशी जाहिरात असलेल्या टायरपेक्षा ओल्या रस्त्यासाठी बनवलेला, खाचा खोल आणि बाहेरच्या कडेपर्यंत गेलेल्या असा मधल्या किमतीचा टायर घ्यायचा. टायरच्या कुशीवरचे चार आकडे वाचायचे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सवलतीत मिळणारा टायर कधी कधी गोदामातच म्हातारा झालेला असतो. नक्षी कोरीकरकरीत, पण रबर लाकडासारखं. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासायची. कमी हवेचा टायर कडेनं झिजतो आणि पेट्रोलही खातो. टायर वाचवायचा हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नवा टायर बसवल्यावर पहिले शंभर किलोमीटर वळणांवर जपायचं.

आणि टायर वेळेवर सोडून द्यायचा. जपानात दुचाकीसाठी खाचांची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा पृष्ठभागाला भिडला की समजायचं, संपलं. पण पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून पाणी बाहेर फेकलं जाणं कमी झालेलं असतं. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ते आधी सांगतात. आपल्याकडे टायर पार टकला होईस्तोवर चालवणं ही काटकसर समजली जाते. पेंढ्याची वहाण रोज फाटत होती तेव्हा ती काटकसर शहाणपणाची होती. टायरच्या बाबतीत शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वाचणारे पैसे आपण फक्त स्वतःच्याच नाही, समोरून रस्ता ओलांडणाऱ्याच्याही जिवावर वाचवत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की नेहमीचे तीन प्रश्न जरूर विचारा. दुकानदारानं ‘साहेब, हा झिजतच नाही’ असं सांगितलं, तर मात्र थोडं थांबा आणि दुसरा दाखवायला सांगा.