व्हिम्सी जिगसॉ

व्हिम्सी जिगसॉ : ज्या चित्रकोड्याच्या नेहमीच्या तुकड्यांमध्ये हत्ती, छत्री, किल्ली, चहाची किटली, धावणारे मूल असे ओळखू येणारे आकार कापून पेरलेले असतात, ते चित्रकोडे, तसेच अशी कोडी जमवण्याचा, जुळवण्याचा आणि क्वचित स्वतः कापण्याचा छंद. अशा एका आकाराला या छंदातली माणसे ‘व्हिम्सी’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लहर, मनाची मौज. जुन्या अमेरिकी कारखान्यांत याच तुकड्याला ‘फिगर पीस’ म्हणत. मराठीत रुळलेला प्रतिशब्द नसल्याने या नोंदीत ‘आकृती-तुकडा’ असे म्हटले आहे. जिगसॉला पुस्तकी मराठीत चित्रकोडे म्हणतात. घरात मात्र ‘पझल’ हाच शब्द चालतो.

यंत्राने साच्यातून कापलेल्या पुठ्ठ्याच्या कोड्यासमोर जुळवणारा एकटा असतो. आकृती-तुकड्यांच्या कोड्यात त्याच्यासमोर आणखी एक माणूस बसलेला असतो, आणि तो म्हणजे कापणारा. कुठे फसवायचे, कुठे हसवायचे, कुठे दमलेल्याला हात द्यायचा हे त्याने करवत चालवतानाच ठरवलेले असते. या छंदाची सारी गोडी त्या न दिसणाऱ्या माणसाशी चालणाऱ्या बोलण्यात आहे.

आकृती-तुकड्याची चाल : नवख्याला वाटते की असे ठळक आकार असले म्हणजे कोडे सोपे होत असेल. ढिगातून ते चटकन सापडतात हे खरे, पण बसवताना घाम फुटतो. तुकड्याचा आकार आणि त्याच्यावर आलेले चित्र यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. हत्तीच्या आकाराच्या तुकड्यावर नुसते आभाळ असू शकते, आणि किटलीवर कुणाच्या तरी कोटाची बाही. हातात हत्ती आला म्हणून चित्रातला हत्ती शोधून उपयोग नाही, हत्तीच्या आकाराची पोकळी शोधावी लागते. ती पोकळी ज्यांनी बनते ते शेजारी तर अगदीच बेढब. एकाला सोंडेचा बाक आलेला, दुसऱ्याला पोटाखालची कमान, तिसऱ्याला शेपटीपुरती चीर. म्हणून सरावलेली माणसे आकृती-तुकडे बाजूला ओळीने मांडून ठेवतात आणि आधी या बेढब शेजाऱ्यांना वाचतात.

चांगला कापणारा आकृतींची निवड चित्राला धरून करतो. समुद्राच्या चित्रात नांगर, खेकडा, गलबत. बागेच्या चित्रात झारी, गोगलगाय, फुलपाखरू. काही आकृती दोन-तीन तुकड्यांच्या असतात. घोडा वेगळा, स्वार वेगळा, आणि दोघे जुळले की दौड सुरू. मागणीवरून केलेल्या कोड्यात घरच्यांच्या नावांची आद्याक्षरे, जन्मतारीख, पाळलेल्या कुत्र्याची बाह्याकृतीही येते.

पूर्वपीठिका : चित्रकोड्याचा उगम खेळात नाही, भूगोलाच्या शिकवणीत आहे. लंडनमधील नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी (१७३९–६९) याने १७६० च्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांसाठी विकायला ठेवले. त्याच सुमारास तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची शिक्षिका लेडी शार्लट फिंच असे कापलेले नकाशे वापरत होती. तिचे नकाशे ठेवण्याचे कपाट आजही जपलेले आहे. या जुन्या नकाशांचे तुकडे एकमेकांत फारसे अडकत नसत, फक्त शेजारी शेजारी टेकत. पुढच्या पिढीपर्यंत हा खेळ सुखवस्तू इंग्रज घरांत इतका रुळला, की जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) या कादंबरीत युरोपचा नकाशा जुळवता येत नाही म्हणून फॅनी या गरीब नातलग मुलीला तिच्या मावसबहिणी अडाणी ठरवतात. भारताच्या राज्यांचे किंवा महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचे तुकडे असलेले नकाशे आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांत मिळतात, ते थेट या घराण्यातले.

आकृती-तुकडे मात्र विसाव्या शतकातले, आणि ते मोठ्या माणसांसाठी आले. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत प्रौढांना लाकडी चित्रकोड्यांचे वेड लागले. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथील पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ‘पास्टाइम’ नावाची कोडी काढली आणि १९०९ मध्ये मागणी एवढी वाढली, की काही काळ बाकीचे खेळ बाजूला ठेवून सारा कारखाना त्याच कामाला लावला. करवतीवर बहुतेक स्त्रिया होत्या. पायाने चालणाऱ्या शिलाई यंत्राची सवय असलेल्या हाताला हे काम लवकर जमते, असे त्यामागचे कारण सांगितले जाई. स्त्रियांना मजुरी कमी द्यावी लागे, हेही कारण होतेच. आज संग्राहक ज्या ‘पास्टाइम’ डब्यांसाठी धडपडतात, त्यांतले बदक, तारा, बाहुली हे सगळे या कामगार बायकांच्या हातचे. त्यांतल्या बहुतेकींची नावे मागे राहिलेली नाहीत. त्या काळी ५०० तुकड्यांचे कोडे ५ डॉलरला पडे आणि सामान्य कामगाराची महिन्याची मिळकत ५० डॉलरच्या आसपास होती. म्हणजे हा श्रीमंतांचाच शौक होता. इंग्लंडमध्ये बोर्नमथच्या हेटर कंपनीच्या ‘व्हिक्टरी’ कोड्यांत आकृती-तुकडे असत, आणि अनेक इंग्रज मुलांची व्हिम्सीशी पहिली ओळख तिथेच झाली.

महामंदीतली लाट : १९३२–३३ मध्ये अमेरिकेत मंदी ऐन भरात असताना चित्रकोड्यांचा खप कळसाला पोचला. साच्याने कापलेली पुठ्ठ्याची कोडी वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर २५ सेंटला मिळू लागली आणि दर आठवड्याला नवे कोडे येऊ लागले. १९३३ च्या सुरुवातीला आठवड्याचा खप १ कोटीवर गेल्याचे सांगितले जाते. हाताला काम नसलेल्या माणसाला चार तासांत काहीतरी पुरे केल्याचे समाधान देणारी वस्तू यापेक्षा स्वस्त मिळणे कठीण होते. ज्यांना लाकडी कोडे विकत घेणे परवडत नव्हते, त्यांना ते औषधांच्या दुकानांतून आणि फिरत्या वाचनालयांतून भाड्याने मिळे. बेकार झालेले सुतार आणि कारागीर घरच्या करवतीवर कोडी कापून शेजारीपाजारी विकत.

याच मंदीतून ‘पार’ ही कंपनी निघाली. फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स या दोघांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोडी कापायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत त्यांची कोडी सर्वांत महागडी आणि सर्वांत खट्याळ म्हणून नावाजली गेली. डब्यावर चित्र नाही. कोड्याचे नाव दिशाभूल करणारे. कडा सरळ नाहीत, वेड्यावाकड्या. त्यामुळे आधी चौकट जुळवून घेण्याची सवय इथे कुचकामी. रंग जिथे बदलतो नेमक्या त्याच रेषेवरून करवत फिरवलेली, म्हणजे लाल तुकड्यावर निळ्याचा ठिपकाही राहत नाही आणि शेजारी कोण याचा सुगावा लागत नाही. सोबत ठरावीक वेळ दिलेली. तेवढ्यात जुळवून दाखवा. प्रत्येक कोड्यात एक समुद्रघोडा हमखास असे, तीच त्यांची सही. ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर हे त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी. आकृती-तुकड्याला निव्वळ शोभेतून बाहेर काढून कोड्याच्या डावपेचांत ओढण्याचे श्रेय या दोघांना द्यायला हवे.

कापण्याचे तंत्र : शाळेत हस्तकलेच्या तासाला फ्रेटवर्क (लाकडातून नक्षी कापण्याचे काम) केलेल्यांना कोडी कापायची करवत ओळखीची वाटेल. केसासारखे बारीक पाते, त्याचे खालीवर जाणे, आणि पाते जागच्या जागी ठेवून लाकूड फिरवायचे. चित्र प्लायवूडवर घट्ट चिकटवतात. पूर्वी महागनीसारखे सलग लाकूडही वापरत. आकृतीचा कागदी नमुना चिकटवून किंवा गिरवून घेतात, आणि मुरलेले हात आजूबाजूच्या तुकड्यांना नमुन्याशिवायच, मनाने वळण देतात. पाते जितके बारीक तितकी फट कमी. फट कमी असली की तुकडा बसताना बोटांना हलकासा अडथळा जाणवतो आणि मग तो ‘टक्’ करून जागेवर जातो. लाकडाचा तो आवाज पुठ्ठ्याला येत नाही. आकृतींना शेजाऱ्यांत अडकणाऱ्या जिभा नसल्या तर त्या सैल राहतात, म्हणून त्यांना धरून ठेवण्याचे काम शेजाऱ्यांवर टाकतात. हत्ती निसटू नये म्हणून भोवतालचे पाच-सहा तुकडे एकमेकांत पक्के गुंतवलेले असतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेझरने कापण्याची पद्धत आली आणि किंमत उतरली. इंग्लंडमधील विल्टशरच्या वेंटवर्थ (१९९४) आणि अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डरच्या लिबर्टी पझल्स (२००५) या कंपन्यांनी आकृती-तुकडे मध्यमवर्गीय घरांत नेले. लेझरने तुकड्याची कड जळून तपकिरी होते आणि डबा उघडताच जळक्या लाकडाचा वास येतो. काहींना तो वासच छंदाचा भाग वाटतो. हरणाच्या शिंगांची टोके किंवा सायकलच्या चाकाच्या तारा हाताने कापणे जिवावरचे काम होते, ते लेझरला सहज जमते. हाताने कापणारे म्हणतात की लेझरच्या रेषेत माणसाचा थांबा दिसत नाही, आणि जुने डबे हाताळल्यावर ते पटते. तरी लेझरने हजारो घरांत ही मौज पोचवली, हे त्याहून मोठे काम आहे.

हातकामाची परंपरा व्हरमाँटमधील नॉर्विच येथे स्टीव्ह रिचर्डसन आणि डेव्ह टिबेट्स यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टेव्ह’ने पुढे नेली. दोघांच्या नावांची सांगड घालून कंपनीचे नाव झाले आणि विदूषकाच्या आकाराचा तुकडा ही तिची सही. एकाहून अधिक तऱ्हांनी जुळणारी, खोट्या कोपऱ्यांची, आतल्या भागात सरळ कडा लपवणारी कोडी त्यांनी केली. १९८९ च्या १ एप्रिलला तर पाच तुकड्यांचे, कधीच न जुळणारे कोडे त्यांनी गिऱ्हाइकांना विकले आणि नंतर पैसे परत केले. ‘नर्व्हस सिस्टिम’ या जेसिका रोझेनक्रांत्झ आणि जेसी लुईस-रोझेनबर्ग यांच्या संस्थेने वेगळी वाट धरली. स्फटिक वाढण्याची क्रिया संगणकावर घडवून तुकड्यांच्या नागमोडी कडा मिळवायच्या, आणि काही कोड्यांना बाहेरची कडच ठेवायची नाही. त्यांच्या एका कोड्यात तुकडा उचलून उलटा करून दुसऱ्या बाजूला लावत कितीही पुढे जाता येते.

चित्रातली लहर : व्हिम्सी हा शब्द काटेकोरपणे तुकड्याच्या आकारापुरता असला, तरी चित्रच लहरी असलेल्या कोड्यांचा एक मोठा संसार युरोपात आहे आणि दोन्ही छंदांतली माणसे बरीचशी तीच असतात. डच व्यंगचित्रकार यान व्हान हास्टरेन यांच्या चित्रांत शेकडो माणसे एकाच वेळी घसरत, भांडत, पळत असतात आणि गर्दीत कुठेतरी शार्कचा पंख वर आलेला असतो; तो सापडला नाही तर कोडे पुरे झाल्यासारखे वाटत नाही. जर्मनीतील हाय प्रकाशनाने अर्जेंटिनाचे व्यंगचित्रकार मोर्दियो यांची टपोऱ्या नाकांची गुबगुबीत माणसे कोड्यांत आणली. १९९७ पासून निघणाऱ्या ‘वासगिज’मध्ये, म्हणजे उलट वाचलेल्या जिगसॉत, डब्यावरचे चित्र जुळवायचेच नसते. त्या चित्रातल्या माणसांना समोर काय दिसत असेल ते जुळवायचे असते. आकृती-तुकडे नसूनही इथे रचणारा आणि जुळवणारा यांच्यातला डाव तोच आहे.

साहित्यात हा डाव जॉर्ज पेरेक या फ्रेंच कादंबरीकाराइतका खोलवर कुणी नेलेला नाही. ‘ला व्ही मोद दाँप्लुआ’ (१९७८) या कादंबरीतला बार्टलबूथ ५०० जलरंगचित्रे काढतो आणि गास्पार विंकलर नावाचा कारागीर ती प्रत्येकी ७५० तुकड्यांत कापतो. जुळवणारा जी जी हालचाल करील ती कापणाऱ्याने आधीच करून पाहिलेली असते, हा विचार पेरेकने सुरुवातीलाच मांडला आहे. शेवटी बार्टलबूथ एका कोड्यापुढे मरण पावतो. उरलेली पोकळी एक्स या अक्षराच्या आकाराची आहे आणि त्याच्या हातातला तुकडा डब्ल्यूच्या आकाराचा.

देवघेव आणि जपणूक : लाकडी कोडे महाग आणि एकदा जुळवले की नवलाई ओसरते, म्हणून उसनवारीची प्रथा या छंदात पहिल्यापासून आहे. ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी १९३३ पासून टपालाने सभासदांना कोडी पाठवते, तीही डब्यावर चित्र नसलेली. राणी दुसरी एलिझाबेथ तिच्या सभासदांपैकी होती. अमेरिकेत यंत्रशिक्षणाच्या संशोधक माया गुप्ता यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आर्टिफॅक्ट पझल्सने चित्रकार हुफनागेल यांच्या नावाने असेच मंडळ चालवले. उसन्या कोड्याचा पहिला नियम म्हणजे परत करण्यापूर्वी जुळवून तुकडे पुरे असल्याची खात्री करणे. कोड्यांबरोबर त्यांचा इतिहासही जपला गेला. चित्रकोड्यांच्या इतिहासाच्या जाणकार अ‍ॅन विल्यम्स अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांचे या विषयावरील पुस्तक २००४ मध्ये आले.

जुन्या ‘पास्टाइम’ आणि ‘पार’ डब्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला अनेकदा पेन्सिलीने लिहिलेले आढळते. कोणी जुळवले, कोणत्या तारखेला, किती तास लागले, कोणता तुकडा हरवला. एकाच झाकणावर दोन पिढ्यांची अक्षरे असतात, आणि खाली पुढच्यासाठी थोडी जागा सोडलेली असते.