दोन तोंडांचा लाकडी कुत्रा : कोंगो समाजातील ‘कोझो’ मूर्ती आणि इतिहासाचे साधन म्हणून तिचे मूल्य

प्रस्तावना

लाकडात कोरलेल्या प्राणिमूर्तींचा अभ्यास कलेच्या इतिहासात सामान्यतः कारागिराचे कौशल्य, शैली आणि काळ या तीन अंगांनी केला जातो. मध्य आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील कोंगो समाजात घडविल्या गेलेल्या ‘कोझो’ या लाकडी कुत्र्याच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. कोरणाऱ्याचे काम संपल्यानंतरच या मूर्तीचे खरे आयुष्य सुरू होत असे. तिच्या अंगावर ठोकलेले खिळे व लोखंडी पाती ही त्या समाजातील करार, शपथा आणि तंटे यांची नोंद होती. म्हणूनच या मूर्तीकडे केवळ शिल्प म्हणून न पाहता इतिहासाचे साधन म्हणून पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तिचा विचार केला आहे.

कोंगो समाज आणि ‘न्किसी’

किकोंगो भाषा बोलणारा हा समाज आज काँगो लोकशाही प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक आणि अंगोला (काबिंडासह) या तीन देशांत विभागलेला आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काओ 1480 च्या दशकाच्या आरंभी काँगो नदीच्या मुखाशी पोहोचला. 1491 मध्ये कोंगोच्या राजाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तरीही ‘न्किसी’ ही संस्था टिकून राहिली. न्किसी म्हणजे अदृश्य शक्तीला सामावून घेणारे पात्र. ते मडके, शिंपला, गाठोडे किंवा लाकडी मूर्ती अशा कोणत्याही रूपात असू शकते. या शक्तीचा उपयोग करण्याचा अधिकार ‘न्गांगा’ या विधितज्ज्ञाकडे असे.

न्किसींपैकी खिळे ठोकल्या जाणाऱ्या मूर्तींचा वर्ग ‘न्कोंडी’ या नावाने ओळखला जातो. हे नाव शिकार करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. शपथ मोडणाऱ्याचा किंवा अज्ञात चोराचा माग काढून त्याला शासन करणे हे न्कोंडीचे कार्य मानले जाई. बहुतेक न्कोंडी मानवाकृती आहेत. कोझो हा त्यांचा श्वानरूप प्रकार होय.

कुत्राच का?

कुत्रा गावात राहतो, पण शिकारीसाठी अरण्यात जातो. कोंगो विचारविश्वात गाव हे जिवंतांचे आणि अरण्य हे मृतांच्या जगाशी जोडलेले स्थान आहे. या दोन्हींमध्ये सहज ये-जा करणारा प्राणी साहजिकच मध्यस्थ ठरला. त्याचे तीक्ष्ण घ्राणेंद्रिय माणसाला न दिसणाऱ्या गोष्टींचा शोध घेते, हेही त्याला अनुकूल होते. मृतांच्या गावाकडे जाताना वाटेत कुत्र्यांचे गाव लागते, अशी समजूतही अभ्यासकांनी नोंदविली आहे. कोझोला धडाच्या दोन्ही टोकांना डोके असते, त्याचा अर्थ येथे लागतो. एक मुख जिवंतांच्या जगाकडे, तर दुसरे मृतांच्या जगाकडे वळलेले आहे.

मूर्तीची घडण : तीन हातांचे काम

कोझोच्या घडणीत तीन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिला टप्पा कोरणाऱ्याचा. तो चार पाय, आखूड धड, दोन डोकी आणि उघडे जबडे लाकडातून साकारीत असे. या अवस्थेतील मूर्तीला विशेष सामर्थ्य नव्हते. ते रिकामे पात्र होते.

दुसरा टप्पा न्गांगाचा. तो मूर्तीच्या पाठीवर ‘बिलोंगो’ म्हणजे औषधिद्रव्ये बसवीत असे. न्किसींच्या बिलोंगोमध्ये थडग्यावरील माती, पांढरी चिकणमाती, बिया, वनस्पती व प्राण्यांचे अवशेष इत्यादींचा समावेश असे. अनेकदा द्रव्यांची निवड त्यांच्या नावातील शब्दसाम्यावरून होई. बिलोंगोमुळेच लाकूड न्किसी बनत असे.

तिसरा टप्पा सामान्य लोकांचा. करार करणारे, शपथ घेणारे किंवा फिर्याद मांडणारे न्गांगाकडे येत आणि त्यांच्या प्रकरणानिमित्त मूर्तीत खिळा किंवा पाते ठोकले जाई. कित्येकदा त्या खिळ्याला चिंधी, धागा यांसारखी खूण बांधली जाई, जेणेकरून कोणता खिळा कोणत्या प्रकरणाचा हे ओळखता यावे. लेखी दस्तऐवज प्रचलित नसलेल्या व्यवहारात ही मूर्ती साक्षीदार, नोंदवही आणि न्यायासन अशी तिहेरी भूमिका बजावीत होती. खिळ्यांची दाटी हा क्रौर्याचा पुरावा नसून त्या मूर्तीवरील लोकांच्या विश्वासाचा पुरावा आहे.

वसाहतवाद आणि मूर्तींचे विस्थापन

युरोपीय लेखनात अशा वस्तूंना ‘फेटिश’ म्हटले गेले. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘फेइतिसो’ या शब्दात असून, 1760 मध्ये शार्ल द ब्रोस या फ्रेंच लेखकाने तो धर्माच्या आदिम अवस्थेचे नाव म्हणून रूढ केला. या एका शब्दाने करार व न्याय यांची व्यवस्था अंधश्रद्धेच्या खात्यात जमा झाली.

1884-85 च्या बर्लिन परिषदेनंतर या प्रदेशावर युरोपीय सत्तांची पकड घट्ट झाली. स्थानिक करारांना आणि प्रतिकाराला अधिष्ठान देणारी न्कोंडी मूर्ती नव्या सत्तेला प्रतिस्पर्धी वाटणे स्वाभाविक होते. अनेक मूर्ती मिशनऱ्यांनी जाळल्या, अनेक अधिकाऱ्यांनी जप्त केल्या, तर अनेक व्यापाऱ्यांमार्फत युरोपातील संग्रहालयांत गेल्या. त्यापूर्वीच, 1878 मध्ये, आलेक्सांद्र देलकोम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने बोमा परिसरातून ने कुको या प्रमुखाची मानवाकृती न्कोंडी हस्तगत केली होती. ती आज बेल्जियममधील तेर्व्यूरेनच्या संग्रहालयात आहे. कोझोचे नमुने लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि पॅरिसचे के ब्रांली संग्रहालय येथे आहेत.

या विस्थापनात एक बाब विशेष लक्षणीय आहे. युरोपात पोहोचलेल्या कित्येक न्कोंडी मूर्तींमधील बिलोंगो आधीच काढून घेतलेले आढळते. मूर्ती हातची जाणार हे ओळखून शक्ती मागे ठेवून घेण्याची ही कृती होती, असे संशोधकांचे मत आहे. संग्राहकाच्या हाती बहुधा रिकामे पात्रच पडले.

साधनाची मर्यादा आणि आजचा प्रश्न

स्वीडिश मिशनरी कार्ल लामान याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोंगो सहकाऱ्यांकडून किकोंगो भाषेत लिहून घेतलेल्या वह्यांमुळे न्किसींविषयी खुद्द त्या समाजाचे कथन उपलब्ध झाले. वायट मॅकगॅफी यांनी त्या वह्यांच्या आधारे केलेल्या अभ्यासाने ‘फेटिश’ ही जुनी कल्पना मोडीत काढली. तथापि एखाद्या विशिष्ट कोझोमधील विशिष्ट खिळा कोणाच्या शपथेचा, हे सांगणारी माणसे आणि स्मृती मूर्तीबरोबर गेल्या नाहीत. नोंदवही उरली, पण ती वाचणारे दुरावले.

2018 मध्ये फेल्विन सार व बेनेदिक्त साव्वा यांनी फ्रान्स सरकारला सादर केलेला अहवाल आणि 2022 मधील बेल्जियमचा कायदा यांमुळे वसाहतकाळात नेलेल्या वस्तूंच्या परतीचा प्रश्न ऐरणीवर आला. या चर्चेत मालकीचा मुद्दा अग्रभागी असतो आणि तो रास्तही आहे. मात्र कोझोच्या बाबतीत परतीचा अर्थ केवळ लाकूड परत करणे इतका मर्यादित राहू शकत नाही. संपादनाची कागदपत्रे, बांधलेल्या खुणांचे तपशील आणि तपासणीचे निष्कर्षही त्या समाजाच्या अभ्यासकांना उपलब्ध होणे तितकेच गरजेचे आहे.

निष्कर्ष

कोझो हा कोरणारा, न्गांगा आणि फिर्यादी यांच्या संयुक्त कृतीतून आकाराला आलेला दस्तऐवज आहे. संग्रहालयाच्या फलकावर ‘लाकूड, लोखंड’ एवढीच नोंद होते, तेव्हा त्यातील फक्त पहिल्या हाताचे श्रम आणि तिसऱ्या हाताची सामग्री शिल्लक राहते. त्यांमागील व्यवहार नाहीसा होतो. भौतिक वस्तूला साधन मानणाऱ्या इतिहासकाराने वस्तू कोणी घडविली याबरोबरच ती कोणी, कशासाठी आणि किती वेळा वापरली हा प्रश्न विचारला पाहिजे, हेच कोझोच्या अभ्यासातून स्पष्ट होते.