घोडा कोणाचा?

घोडबंदर हे नाव ऐकलं की आमचे हिंदीभाषक मित्र हमखास विचारतात, "घोडा समजला, पण त्यात माकड कुठून आलं?" अहो, ते आपलं मराठी बंदर! ठाण्याहून हा रस्ता खाडीकाठच्या ज्या गावी जातो, तिथे म्हणे अरबी घोडे उतरायचे. तिथला पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला.

घोड्यांचा विषय डोक्यात आला तो मात्र भाच्याच्या एका खेळामुळे. खेळाचं नाव बॅटलटेक. शिकागोच्या कंपनीने १९८४ साली काढलेला. कंपनीचं नाव फासा, आणि खेळायचं दोन फाशांनीच! षट्कोनी घरांचा नकाशा आणि त्यावर लढणारे अवाढव्य यंत्रमानव, म्हणजे 'मेक'.

मला गंमत वाटली ती त्यामागच्या कथेची. काळ एकतिसाव्या शतकाचा. पण शेकडो वर्षांच्या लढायांत कारखाने बेचिराख झालेत, विद्या हरवलीय. नवा मेक मिळणं मुश्कील, म्हणून तो घराण्यात वारसाहक्काने येतो. ज्याचा मेक गेला त्याची पतही गेली.

हे तर आपले शिलेदार!

शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता. सभासदाच्या बखरीत तिची रचना आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, शिवाय त्यांच्यासाठी नालबंद आणि पखालजी.

मला यामागचं एक कारण साधं वाटतं. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीच बुडाली. असा माणूस घोडा जपूनच लढणार, त्याला भित्रा कसं म्हणायचं? बारगिराला ती धास्ती नाही. पण लढाई संपल्यावर त्याच्याकडे स्वतःचं असं काय उरतं? पुढे पेशवाईत शिलेदारांचं प्रमाण वाढलं, आणि घोडा जपण्याची ही काळजीही त्यांच्याबरोबर फौजेत वाढली असणार.

खेळातही तेच. सगळ्या तोफा एकदम डागल्या तर मेक तापून जागीच बंद पडतो. कसलेला खेळाडू म्हणून हात राखून लढतो, वेळेवर माघारही घेतो.

असो. शिलेदार-बारगीर इतिहासजमा झाले असं समजू नका. घोडबंदर रोडवर रिक्षात बसाल तेव्हा विचारून बघा, "दादा, रिक्षा स्वतःची की शिफ्टवर?" पुढचा खड्डा आला की उत्तर विचारायचीही गरज पडत नाही म्हणा!