चाकणच्या गाडीत वाफेच्या इंजिनाची जोडणी

२०२२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ-एन चाकणहून बाजारात आली. वाकून तिच्या मागच्या ॲक्सलकडे पाहिलं तर आडव्या दोन दांड्या आणि त्यांना जोडणारी एक फिरकी दिसते. या रचनेचं नाव वॅट्स लिंकेज. हा वॅट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातला जेम्स वॅटच. त्याने ही जोडणी १७८४ साली पेटंट केली, तीही वाफेच्या इंजिनासाठी. मोटार जन्मायला तेव्हा शंभर वर्षं अवकाश होता.

वॅटची अडचण अशी होती. जुन्या इंजिनातला दट्ट्या वरची तुळई फक्त खाली ओढायचा, त्याला साखळी पुरे. वॅटने दोन्ही बाजूंनी वाफ सोडून दट्ट्याला ओढायला आणि ढकलायलाही लावलं. साखळीने ढकलता येत नाही, म्हणून घट्ट दांडी हवी. पण तुळईचं टोक कमानीत फिरतं आणि दट्ट्या सरळ रेषेत. वॅटने समोरासमोर दोन दांड्या ठेवल्या आणि त्यांची मोकळी टोकं एका आखूड दुव्याने जोडली; गाडीतली फिरकी म्हणजे हाच दुवा. एक टोक डावीकडे झुकतं तेवढंच दुसरं उजवीकडे, त्यामुळे दुव्याचा मध्य जवळजवळ सरळ जातो. ‘जवळजवळ’ म्हणायचं, कारण त्याचा पूर्ण मार्ग इंग्रजी आठच्या आकाराचा असतो. सरळ असतो तो फक्त मधला तुकडा. उतारवयात, १८०८ साली, वॅटने मुलाला कळवलं की आपल्या सगळ्या शोधांत या जोडणीचा अभिमान सर्वांत जास्त वाटतो. पुढे चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने त्या ‘जवळजवळ’चा पिच्छा पुरवला आणि त्यातून त्याच्या नावाच्या बहुपदी निघाल्या. १८६४ साली पोसेलिए या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने नेमकी सरळ रेषा काढणारी जोडणी दिली, पण तिला सात हलत्या दांड्या लागतात. गाडीच्या पोटात एवढ्या सांध्यांना जागा कोण देणार?

आता प्रश्न असा की एवढी हुशार जोडणी मोटारींत सर्रास का दिसली नाही? नेहमीचं उत्तर खर्चाचं असतं: सांधे जास्त, बुश जास्त, जागा जास्त. मला ते अपुरं वाटतं. माझं मत असं की तिचं काम, म्हणजे ॲक्सल आडवा सरकू न देणं, आधीपासून दुसरंच कुणी करत होतं. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग! बग्गीपासून विलीज जीपपर्यंत पाट्यांनी तीन नोकऱ्या एकट्याने केल्या: वजन पेललं, ॲक्सल जागेवर धरला आणि एकमेकांवर घासून धक्काही थोडा जिरवला. गुंडाळीची स्प्रिंग, म्हणजे कॉइल, आली आणि मधली नोकरी रिकामी झाली, कारण कॉइल ॲक्सलला आडवं अडवत नाही. त्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक वॅटची जोडणी. दुसरा पॅनहार्ड रॉड, पॅरिसच्या पॅनहार्ड कंपनीच्या नावाचा: एकच आडवी दांडी, एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला. वॅटच्या जोडणीतली एक दांडी आणि दुवा काढून टाकला की उरतो तो हाच.

त्याचा दोष उघड आहे. एकटी दांडी कमानीत फिरते, म्हणून चाक वरखाली झालं की ॲक्सल बाजूलाही सरकतो. समजा दांडी ९०० मिलिमीटरची आणि आडवी आहे. चाक ७५ मिलिमीटर हललं तर सरकणं जेमतेम ३ मिलिमीटर. तीच गाडी उंच स्प्रिंग लावून १५० मिलिमीटर उचलली की दांडी तिरपी होते, ॲक्सल उभ्याउभ्याच साडेबारा मिलिमीटर बाजूला जातो, आणि चाक आणखी ७५ खाली लोंबलं की वर १६ मिलिमीटरची भर. उचललेली गाडी खड्ड्यातून जाताना बाजूने कुणी ढकलल्यासारखी डोलते, त्याचं एक मोठं कारण हे.

मग उचललेल्या गाडीला सगळीकडे वॅट लावावा का? इथे साक्षीला स्पेन किंग या ब्रिटिश इंजिनिअरला बोलवावं लागतं. १९७० च्या रेंज रोव्हरमागे तो होता आणि १९७६ च्या रोव्हर एसडी१ मागेही. एसडी१ या रस्त्यावरच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलला वॅटची जोडणी आहे. रेंज रोव्हरला मात्र पुढे पॅनहार्ड रॉड आणि मागे ‘ए’ आकाराची चौकट. म्हणजे वॅटशी वैर नव्हतं आणि अज्ञानही नव्हतं.

पुढच्या बाजूचं कारण मला स्टीअरिंगमध्ये दिसतं. सलग ॲक्सलच्या गाडीत स्टीअरिंगची ड्रॅग लिंकही चेसिसकडून ॲक्सलकडे जाते आणि तीही कमानीतच फिरते. पॅनहार्ड रॉड तिला समांतर आणि जवळपास तेवढाच लांब असेल तर दोघं एकच कमान काढतात आणि चाक आपोआप वळत नाही. तिथे ॲक्सलला वॅटने सरळ रेषेत बांधलं तर लिंक एकीकडे आणि ॲक्सल दुसरीकडे, आणि प्रत्येक खड्ड्याला स्टीअरिंगला हिसका. पुढे वाकडी वाट बरी, कारण दोघांची वाट एकच असते. मागे स्टीअरिंग नाही, तिथे वॅट हवा. स्कॉर्पिओ-एनची मांडणी याला धरूनच आहे: पुढची चाकं स्वतंत्र, मागे सलग ॲक्सल, आणि वॅट फक्त मागे.

कॉइलवरची गाडी उचलणाऱ्याने यातून हिशेब घ्यावा. दांडी पुन्हा आडवी करण्याचे मार्ग दोन. चेसिसकडचं टोक ब्रॅकेट लावून खाली आणता येतं. हे सोपं, म्हणून लोकप्रिय. पण गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो दांडीच्या मध्याशी असतो. तो जुन्या उंचीवर राहतो आणि वजन १५० मिलिमीटर वर जातं, म्हणजे वळणावर कलवणारी तरफ तेवढीच लांबते. ॲक्सलकडचं टोक वर नेलं तर बिंदूही वजनाबरोबर चढतो आणि तरफ पूर्ववत होते. मात्र उंच ब्रॅकेटवर ताण मोठा, त्याला तिरका आधार द्यावाच लागतो, आणि पुढच्या ॲक्सलवर ड्रॅग लिंकचं टोकही तेवढंच चढवावं लागतं.

वॅटवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. फिरकी ॲक्सलवर असेल तर उचललेल्या गाडीत ती कललेली राहते, आठच्या मधला सरळ तुकडा सुटतो, आणि कलण्याचा बिंदू खालीच राहिल्याने तरफ पूर्ण उंचीने लांबते. उपाय पुन्हा तोच, फिरकी वर घ्यायची. लिफ्ट किटची किंमत विचारताना पहिली चौकशी स्प्रिंगच्या उंचीची होते. ती आडव्या दांडीच्या ॲक्सलकडच्या टोकाची व्हावी, आणि त्याचं उत्तर नसलेलं किट घेऊ नये.