पेडगावहून समुद्राकडे

लेकीचा हात धरा, आईलाही सोबत घ्या. चित्रकथांमधल्या समुद्रप्रवासाचं हे प्रदर्शन बघायला कुठल्या इमारतीत जायचं नाही. काळात मागं जायचं आहे, आणि वाट पेडगावच्या स्टेशनातूनच सुटते.

साल १९७२. मीटरगेजची गाडी धूर सोडत मानवत रोडकडं निघून गेली आहे. पावसानं पाठ फिरवली आहे. काळी जमीन एवढी भेगाळली आहे, की लेकीची चप्पल भेगेत अडकते. पुढं दुष्काळी काम चालू आहे, बायामाणसं खडी फोडत बसली आहेत. कुणीतरी फडकं सोडतं आणि आतली मिलोची लाल भाकर दिसते. आई थबकते. ही भाकर तिनं लहानपणी खाल्ली आहे.

खडीच्या ढिगाच्या सावलीत एक पोरगा पालथा पडून वाचतोय. हातात इंद्रजाल कॉमिक्स, मुखपृष्ठ फाटून गेलेलं.

"काय वाचायलास रे?" आई विचारते.

"वेताळ." तो मान वर करत नाही.

त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. चारशे वर्षांपूर्वीचं जहाज. चाचे चढतात, तलवारी चालतात, आग लागते. सगळे मरतात. एकच तरुण लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो आणि जंगलातली बुटकी माणसं त्याला जगवतात. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरीशी लढायची शपथ घेतो, स्वतःसाठी आणि आपल्या पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी. अमेरिकेतल्या ली फॉक यांनी १९३६ साली वेताळ जन्माला घातला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं १९६४ पासून तो इंद्रजालमधून आपल्याकडं आणला.

"इतकं पाणी खरंच असतंय का?" पोरगा आता वर बघतो.

"असतं," लेक म्हणते. त्याला ते पटत नाही. तो पान उलटतो आणि पुन्हा जहाजाच्या चित्रावर येतो.

मला वाटतं, समुद्राच्या चित्रकथा समुद्राकाठच्या माणसांपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त लागतात. वसईच्या कोळ्याच्या पोराला वादळ चित्रात बघावं लागत नाही. ज्वारी-कापसाच्या मुलखाला लागतं, आणि मराठवाड्यानं ते इंद्रजाल येण्याच्या कितीतरी आधी भिंतीवर काढून ठेवलं आहे.

तिकडं जाताना एका रात्रीपुरतं एकोणिसाव्या शतकात थांबा. चित्रकथी दिव्याच्या उजेडात रामकथेचं एकेक पान धरून गातो आहे. पान बदललं की गोष्ट पुढं सरकते. अशी पैठण शैलीची पानं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. लेकीला पेंग यायच्या आत निघा.

आता पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा हरिषेणाचा काळ. खाली वाघूर नदीचा आवाज, वर अजिंठ्याचं सतरावं लेणं. ओल्या मातीचा, भाताच्या तुसाचा वास कोंडला आहे. कुणी काजळी घोटतं, कुणी गेरू. निळा रंग मात्र जपून वापरतात, कारण त्याचा दगड पार अफगाणिस्तानातून येतो.

भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट उतरते आहे. जहाज फुटतं, व्यापारी एका बेटाला लागतात. तिथल्या देखण्या बायका राक्षसी निघतात. पांढरा घोडा सिंहलाला पाठीवर घेऊन समुद्र ओलांडतो, आणि मागं वळून बघणारे सोबती राक्षसींच्या तावडीत सापडतात. पुढं राजा झालेला सिंहल सैन्य घेऊन त्याच बेटावर परततो.

"हा तर वेताळच!" लेक ओरडते. खरंच आहे. फुटलेलं जहाज, वाचलेला एकटा माणूस आणि त्यानं दुष्टांविरुद्ध काढलेली मोहीम, सगळं जुळतं. फक्त इथं चौकटी नाहीत. एका ठिकाणचे आधीचे-नंतरचे प्रसंग एकत्र काढलेले असतात, म्हणून मान वळवत, पावलं टाकत गोष्ट शोधावी लागते. पोरांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. तिला पुढं होऊ द्या.

दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा आहे. त्याचा भाऊ चंदन आणायला गेला आणि वादळात अडकला. तीन डोलकाठ्यांचं जहाज, भरलेली शिडं. आई शिडांकडं बघतच नाही. तिचं बोट मागच्या बाजूला रांगेनं ठेवलेल्या घागरींवर जातं.

"पाण्याच्या असतील. खारं पाणी पिऊन कुणी जगतंय का?"

मलाही तसंच वाटतं. ज्यानं हे काढलं, त्यानं समुद्रावर जाऊन आलेल्या कुणाला तरी बारीकसारीक विचारलं असणार.

अशी विचारायला माणसं या मुलखात होती. आणखी चारशे वर्षं मागं, पहिल्या शतकात पैठणला या. एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' या ग्रंथात नोंद केली आहे, की पैठणचे गोमेद आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जातं. त्या गाड्या समोर जुंपलेल्या आहेत. गाडीवानाला विचारा, तिघांना नेता का.

"वीस दिवस लागतील," तो म्हणतो, आणि लेकीला उचलून कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवतो. "जहाज कसं असतं," ती त्याला लगेच विचारते, "मला आधी काढून दाखवा."