ऊरचा वीस घरांचा पट

* दक्षिण इराकमधील ऊरच्या राजदफनभूमीत पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांना १९२०च्या दशकात वीस घरांच्या खेळाचे काही पट सापडले. काळ सुमारे इ.स.पू. २६००. त्यांतला सर्वांत देखणा पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर शिंपला, तांबडा चुनखडक आणि लाजवर्द यांचे जडावकाम आहे. लाजवर्द तर थेट अफगाणिस्तानातला. एका बाजूस बारा घरे, दुसरीकडे सहा, मध्ये दोन घरांचा पूल. पाच घरांत फुले.

या खेळाचे म्हणून जे ‘मूळ नियम’ सांगितले जातात ते जपून घ्यावेत. ते बॅबिलोनच्या इ.स.पू. १७७च्या एका मृत्तिकापट्टीवरून अभ्यासक अर्व्हिंग फिंकेल यांनी जुळवले आहेत. म्हणजे पट आणि नियम यांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर! शिवाय पट्टीत प्रत्येकी पाच सोंगट्या आहेत, ऊरच्या संचात सात. बाजारातल्या आजच्या संचांसोबत येणारे नियम ही एक जाणती जुळणी आहे, एवढेच. कोचीच्या ज्यू कुटुंबांत वीस घरांचा असाच एक खेळ विसाव्या शतकातही खेळला जाई, असे फिंकेल यांनी नोंदवले आहे. मात्र ऊरच्या पटातून आपली पचीसी निघाली, या विधानाला पुरावा नाही.