एन्हेदुआन्ना : पहिले कविनाम आणि त्याचा पुरावा

जगातील पहिला कवी कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. ज्ञात असलेले पहिले कविनाम कोणते, याला मात्र आहे. ते नाव एका स्त्रीचे आहे. एन्हेदुआन्ना ही अक्कडच्या सारगॉन राजाची मुलगी आणि उर नगरातील नन्ना या चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण होती. तिचा काळ इ. स. पू. २३०० च्या आसपासचा, म्हणजे होमरच्या सुमारे दीड हजार वर्षे आधीचा. अलीकडे हे नाव बरेच गाजते आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीने तिच्याभोवती एक प्रदर्शन उभारले, तर २०२३ मध्ये सोफस हेले यांनी तिच्या नावावरील समग्र काव्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. 'जगातील पहिली लेखिका' या बिरुदामागे जो पुरावा आहे तो मात्र दोन अगदी निराळ्या प्रतींचा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिला पुरावा दगडाचा. १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वुली यांनी दक्षिण इराकमधील उर येथे उत्खनन केले. त्यात १९२७ साली 'गिपारु'च्या, म्हणजे पुजारिणीच्या निवासाच्या, अवशेषांत पांढऱ्या दगडाची एक भंगलेली तबकडी सापडली. व्यास सुमारे २५ सेंटिमीटर. दर्शनी बाजूवर एक पुरुष वेदीसमोर जलधारा सोडतो आहे आणि त्याच्यामागे चुणीदार झगा व गोल काठाचे शिरोभूषण घातलेली एक स्त्री हात उंचावून उभी आहे. मागच्या बाजूला लेख आहे : एन्हेदुआन्ना, नन्नाची पत्नी, सारगॉनची कन्या, हिने इनान्नाच्या मंदिरात वेदी बांधली. मूळ लेख आज तुटक आहे. काही शतकांनंतर कुणा लेखनिकाने त्याची मातीच्या पाटीवर नक्कल उतरवून ठेवली, म्हणून तो आपल्याला पुरता वाचता येतो. उरच्याच दफनभूमीत तिच्या परिवारातील माणसांच्या मुद्राही मिळाल्या आहेत. त्यांत तिचा कारभारी आहे, लेखनिक आहे आणि केशभूषाकारही आहे. तेव्हा ही स्त्री होऊन गेली, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

एन्हेदुआन्ना हे तिचे जन्मनाम नव्हे. 'एन' हे पदाचे नाव असून संपूर्ण नावाचा अर्थ 'गगनाचे भूषण असलेली पुजारीण' असा काहीसा होतो. जन्मनाम आपल्याला ठाऊक नाही. सारगॉन अक्कडी भाषा बोलणारा, सेमिटिक वंशपरंपरेतला. त्याने जिंकलेली दक्षिणेकडची नगरे सुमेरी भाषेची, आणि सुमेरीचे अक्कडीशी काहीच नाते नाही. जिंकलेल्या उरमध्ये त्याने आपल्या मुलीला सुमेरी देवाची पत्नी म्हणून बसवले आणि तिला सुमेरी नाव मिळाले. तलवारीने मिळवलेले राज्य देवळाच्या आधाराने टिकवण्याची ही युक्ती इतकी यशस्वी ठरली, की पुढे कित्येक शतके वेगवेगळ्या घराण्यांचे राजे आपल्या मुली-बहिणींना याच पदावर नेमत राहिले.

दुसरा पुरावा काव्याचा, आणि इथून वाट निसरडी होते. तिच्या नावावरील सर्वांत ख्यात रचना १५३ ओळींची, इनान्ना देवीला उद्देशून केलेली आहे. तिची चिकित्सक आवृत्ती हॅलो आणि व्हॅन डाइक यांनी १९६८ मध्ये काढली. रचनेचा आरंभ इनान्नाला सर्व 'मे'ंची स्वामिनी म्हणून संबोधून होतो. 'मे' ही सुमेरी धर्मविचारातील कळीची संकल्पना आहे. आपल्याला तिचे भाषांतर 'ऋत' किंवा 'धर्म' असे करण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. इनान्नाने एनकी देवाला मद्य पाजून त्याच्याकडून 'मे' मिळवले आणि नावेत भरून उरुकला नेले, अशी कथा आहे. त्या कथेतील यादीत राजपद, पौरोहित्य, लेखनकला, सुतारकाम येते. त्याच यादीत कपट आणि नगरांची लूटही येते. जगात जे जे चालते त्याच्यामागची दैवी शक्ती म्हणजे 'मे', मग ते चांगले असो वा वाईट. ऋताच्या कल्पनेत असत्याला जागा नाही; 'मे'मध्ये आहे. या काव्यातील इनान्ना इतकी भयंकर का आहे, हे त्यातूनच उलगडते.

स्तुती चालू असताना मध्येच 'मी' अवतरते. मी एन्हेदुआन्ना, असे सांगून कवयित्री आपली कैफियत मांडते. लुगल-आने नावाच्या बंडखोराने तिला पदावरून हुसकून लावले आहे. सारगॉनचा नातू नराम-सिन याच्याविरुद्धच्या उठावाच्या उत्तरकालीन कथनांतही हे नाव येते, आणि नराम-सिन तर तिचा भाचा. ज्या नन्नाची ती पत्नी, तो देव मूक राहिला आहे, म्हणून ती इनान्नाकडे धाव घेते. शेवटाकडे ती या काव्याच्या निर्मितीविषयीच बोलते. ते तिने प्रसवले, मध्यरात्री उच्चारले, आणि गायकाने ते दुपारी पुन्हा म्हणावे. काव्यनिर्मितीला प्रसवाची उपमा देण्याची ही फार जुनी नोंद आहे.

प्रश्न असा, की या काव्याच्या ज्या शंभराच्या आसपास प्रती मिळाल्या आहेत, त्या इ. स. पू. अठराव्या शतकाच्या आगेमागे लिहिलेल्या आहेत. म्हणजे एन्हेदुआन्नानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी. त्यांपैकी अनेक निप्पूरच्या पाठशाळांत सापडल्या. तोवर सुमेरी ही लोकांच्या तोंडची भाषा उरलेली नव्हती. अक्कडी बोलणारी मुले ती गिरवून शिकत, आणि हे काव्य त्यांच्या पाठ्यक्रमात होते. तिच्या नावावर बेचाळीस मंदिरस्तोत्रांचा एक संग्रहही आहे. त्याच्या अखेरीस, पूर्वी कुणी केले नव्हते असे काही इथे निर्माण झाले आहे, अशा अर्थाचा अभिमानाचा उद्गार आहे. मात्र त्याच संग्रहातील एक स्तोत्र शुल्गी राजाच्या वास्तूविषयी आहे, आणि शुल्गी तिच्यानंतर सुमारे दोन शतकांनी झाला. म्हणूनच काही विद्वानांना वाटते, की पाठशाळेतील पंडितांनी एका पूज्य नावाला ही काव्ये बहाल केली असावीत. ॲनेट झ्गोल यांच्यासारख्या अभ्यासकांनी उलट बाजू मांडली आहे.

मराठीच्या अभ्यासकाला यात नवे वाटू नये. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची, तर एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली १५८४ मध्ये. नामदेवांच्या मुद्रेखाली विष्णुदास नामाचे अभंग मिसळले, हेही आपण जाणतो. प्रक्षेप सापडले म्हणून नामदेव खोटे ठरत नाहीत. आणि नामदेव खरे म्हणून गाथेतील प्रत्येक अभंग त्यांचा ठरत नाही. मला स्वतःला मंदिरस्तोत्रांपेक्षा इनान्नाच्या काव्यात मुळाचा अंश अधिक असावा असे वाटते. सत्तेसाठी नेमलेली राजकन्या आपलाच देव गप्प बसल्याची तक्रार करते, हा प्रसंग पाच शतकांनंतर कुणी केवळ गौरवासाठी कल्पिला असेल, हे पटणे कठीण. अर्थात हा कल आहे, सिद्धता नव्हे. आणि समजा हे सारे पंडितांनी रचले असले, तरी कवितेला बोलणारीचे नाव हवे ही गरज त्यांना भासली, एवढेही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने थोडे नाही.

पुजारिणीचे पद नंतर लयाला गेले. इ. स. पू. सहाव्या शतकात बॅबिलोनचा राजा नबोनिडस याने ते पुन्हा सुरू केले. पुजारिणीचा पोशाख कसा असे हे सांगणारे कुणी राहिले नव्हते. एनानेदू नावाच्या पूर्वीच्या एका पुजारिणीची प्रतिमा असलेला शिलापट त्याला मिळाला, त्यावरून त्याने ते ठरवले. मग आपल्या मुलीला उरला पाठवताना त्याने तिचे नाव ठेवले एन-निगाल्दी-नन्ना, हजाराहून अधिक वर्षे कुणाचीच मातृभाषा नसलेल्या सुमेरीत.